चाळीस मिनिटांचं मरण

१

गुरुवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, पुलाच्या अलीकडे, रांगेत सातव्या नंबरला उभी असलेली एक पांढरी गाडी मृतावस्थेत आढळली. त्या वेळी आत दोन माणसं होती, गाडीचे मालक आणि मालकांची बायको. झटापटीच्या खुणा नव्हत्या. मालकांनी फक्त चावी फिरवली होती.

मालकांना सगळी वस्ती इन्स्पेक्टर म्हणायची. ते पोलिसातले नव्हते. तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासली होती. पण नुसतं 'इन्स्पेक्टर' म्हटल्यावर समोरचा माणूस सरळ बसतो हे लक्षात आल्यापासून त्यांनी पुढचा खुलासा करणं सोडून दिलं होतं. खोटं बोलायचं नाही, पण कोणी स्वतःहून फसत असेल तर त्याच्या आड यायचं नाही, असं त्यांचं धोरण होतं.

"परत?" बायकोने विचारलं.

"परत."

"मी म्हणत होते टॅक्सी करू या."

इन्स्पेक्टरांनी हॉर्न वाजवला. हॉर्न असा खणखणीत वाजला की पुलावरचा शिट्टीवाला दचकला.

पुलाची दुरुस्ती चालू होती. दुपारी अडीचपर्यंत पूल पूर्ण बंद, त्यानंतर एकाच बाजूने वाहतूक; वीस मिनिटं इकडची, वीस मिनिटं तिकडची. रांगेच्या तोंडाशी पाटी होती : 'वेल्डिंग चालू आहे. इंजिन बंद ठेवा.' बाकीचे लोक शिट्टीवाल्याची नजर चुकवून इंजिन चालू ठेवत, पण इन्स्पेक्टर पाटीला बांधील होते. जन्मभर दुसऱ्यांना नियम दाखवलेल्या माणसाला स्वतः नियम मोडण्याचा सरावच राहत नाही.

शिट्टीवाल्याने चार जणांना बोलावून गाडी कडेला ढकलली. तीन वाजून पन्नास मिनिटांनी इन्स्पेक्टरांनी सहज म्हणून चावी फिरवली, आणि मयत काहीच न घडल्यासारखं गुरगुरू लागलं.

हा सलग तिसरा गुरुवार होता.

पुलापलीकडे अर्ध्या तासावर एक वृद्धनिवास होतं आणि त्यात इन्स्पेक्टरांचे थोरले बंधू राहत. वय वर्षं ब्याऐंशी, पेशाने दातांचे डॉक्टर. भेटीची वेळ गुरुवारी तीन ते पाच. त्या वेळात दोघे भाऊ बुद्धिबळ खेळत, आणि दादा जिंकत. गेली चाळीस वर्षं दादाच जिंकत आले होते. पण तीन आठवड्यांपूर्वी, कसं कोण जाणे, दादांचा वजीर गेला. डाव अर्धा राहिला. आणि तेव्हापासून गाडी मरू लागली.

त्या दिवशी इन्स्पेक्टर पोचले तेव्हा पाचला दहा कमी होती. दादांनी पट सोंगट्यांसकट कपाटावर ठेवून दिला होता. पलंगाच्या वर भिंतीला, त्यांच्या जुन्या दवाखान्याच्या निळ्या पाटीचा वरचा अर्धा भाग टांगलेला होता, नाव आणि पदवीपुरता. वेळा लिहिलेला खालचा अर्धा भाग कधीतरी वादळात उडून गेला, असं दादा सांगत. त्यामुळे शेवटची कित्येक वर्षं ते दवाखान्यात कधी असतात हे रोग्यांना कधीच कळलं नाही.

"गाडीचं निमित्त का, बारक्या?" दादा म्हणाले. "ती गाडी माझ्याकडे अकरा वर्षं होती. एकदा दगा दिला नाही तिने. तुला विकली तेव्हा मुलीची पाठवणी करावी तसं वाटलं मला."

"दादा, ती बंद पडते."

"हरणारा माणूस रस्त्यात बंद पडला तर समजू शकतो. तू जिंकतोयस म्हणतोस, मग तू का बंद पडतोस?" आणि मग चष्मा पुसत म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी लेक न्यायला येतेय. आगगाडीने दोन दिवसांचा प्रवास. म्हणजे गुरुवार एकच उरला. माझ्या गाडीतून वेळेवर आलास तर डाव पुढे. टॅक्सीनं आलास, तर तू डाव सोडलास असं मी धरीन. सोडशील ना, बारक्या? चाळीस वर्षांची सवय आहे."

२

"साहेब, गाडी ठणठणीत आहे," शुक्रवारी सकाळी मिस्त्री म्हणाला.

गॅरेजमध्ये गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. दुसऱ्या चावीलाही झाली. डॉक्टरच्या ओट्यावर पाऊल ठेवताच ज्याचा पोटशूळ थांबतो अशा रोग्यासारखी ती उभी होती, चेहऱ्यावर संपूर्ण निरागसपणा.

"काल मेली होती," इन्स्पेक्टर म्हणाले.

"काल मला नाही दिसली. दिसलं की सांगतो काय झालंय."

"अरे, दिसायच्या आत जिवंत होते ती."

"मग चांगलंच आहे की."

मिस्त्री माणूस प्रामाणिक होता, आणि हीच अडचण होती. लबाड मिस्त्रीने काहीतरी एक बदलून गप्प केलं असतं. याने तीन आठवड्यांत बॅटरी बदलली, प्लग बदलले, पेट्रोलचा पंप बदलला, आणि प्रत्येक वेळी स्वतःच म्हणाला, "साहेब, मला वाटत नाही यानं काही होईल." झालंही नाही.

घरी परतताना शेजारचे गृहस्थ फाटकापाशी भेटले. यांना इन्स्पेक्टर मनातल्या मनात सर्वज्ञ म्हणत. इन्स्पेक्टरांची गाडी ज्या झाडाच्या सावलीत उभी राहायची, त्या सावलीवर त्यांचा बारा वर्षं डोळा होता.

"उन्हाचा त्रास हो," सर्वज्ञ म्हणाले. "उन्हानं पेट्रोलचे नळीतच बुडबुडे होतात. धग ओढून घ्यायला नळीवर लाकडी चिमटे लावलेत का मी सांगितलेले?"

"लावलेत."

"किती?"

"अकरा."

"बारा लावा. आणि ही गाडी आता काढूनच टाका. जागा मोकळी होईल."

इन्स्पेक्टर घरात शिरले. आत कपडे वाळत घालण्याच्या दोरीपाशी त्यांची बायको कमरेवर हात ठेवून उभी होती.

"अहो, माझे बारा चिमटे गेलेत. या घरात आता चोरीसुद्धा व्हायला लागली."

इन्स्पेक्टरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात बेल वाजली. दारात एक ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई उभी होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चपट्या बुचाची बर्फाची रबरी पिशवी. ही बायकोची थोरली बहीण, अक्का. अडतीस वर्षं इस्पितळात सिस्टर होती, त्यातली वीस तापाच्या वॉर्डात. आठ दिवस राहायला आली होती आणि उंबरा ओलांडायच्या आत तिने इन्स्पेक्टरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"भाऊजी, बारा चिमटे गेल्याचं दारातूनच ऐकलं. एक तुमच्या शर्टाच्या खिशात आहे. बाकीचे अकरा कुठे आहेत?"

३

अक्कांनी चहा पिता पिता सगळी हकीकत ऐकून घेतली. मध्ये एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही. मग पिशवीतून आडव्या-उभ्या रेघांचा एक कागद काढला.

"हा कसला?"

"तापाचा तक्ता. ताप चोवीस तास असेल तर रोग्याकडे बघायचं. ताप येऊन-जाऊन असेल तर तक्त्याकडे बघायचं. रोगी खोटं बोलतो, नातेवाईक त्याहून खोटं बोलतात. तक्त्याला कोणाशीच देणंघेणं नसतं. बसा."

इन्स्पेक्टर बसले. तीस वर्षांत त्यांनी हजारो दुकानदारांना असं समोर बसवलं होतं. उलट्या बाजूला बसण्याची ही पहिलीच वेळ होती आणि ती त्यांना आवडली नाही.

"मरताना आवाज कसला येतो?"

"कसलाच नाही."

"धाकटे, तू सांग."

बायको टेबलावर शर्टाची इस्त्री करत होती. तिने इस्त्री उचलून शेजारच्या करपट पत्र्यावर टेकवली. "येतो की. टक्. एकदाच. जीभ टाळूला लावून सोडावी तसा."

"मला नाही ऐकू आला," इन्स्पेक्टर म्हणाले.

"तुम्ही तेव्हा बोलत असता. काय बोलता ते अक्कासमोर सांगत नाही."

मग सर्वज्ञांची साक्ष झाली. ते कुंपणावरूनच बोलले. बँकेसमोर एकदा गाडी बंद पडली तेव्हा आपण हजर होतो, असं ते म्हणाले. "चांगलं घुर्र, घुर्र, घुर्र करत होती. पण पेटत नव्हती. पेट्रोलचे बुडबुडे."

"तुम्ही किती अंतरावर होतात?"

"मी बँकेत आत होतो. पण माझी जुनी गाडी अगदी तसंच करायची."

अक्कांनी कागदावर काहीतरी लिहिलं. इन्स्पेक्टरांनी मान तिरकी करून वाचलं : 'साक्षीदार दुसऱ्याच रोग्याबद्दल बोलतो.'

"हॉर्न वाजला होता?" अक्कांनी विचारलं.

"पुलावरचा माणूस उडाला," बायको म्हणाली.

"दिवे?"

"लख्ख."

"म्हणजे बॅटरी निर्दोष. आणि इंजिन फिरतच नाही, नुसतं टक् म्हणतं. फिरलंच नाही तर पेट्रोल मागायचा प्रश्न कुठे येतो? तोंडच उघडलं नाही त्याच्या घशात घास अडकलाय म्हणून कोण ओरडतं? भाऊजी, धाकटीचे चिमटे परत करा."

इन्स्पेक्टरांनी बाहेर जाऊन बॉनेट उघडलं आणि एक-एक करून अकरा चिमटे काढले. कुंपणापलीकडून सर्वज्ञ दुःखाने पाहत होते. चिमटे घेऊन ते आत आले तेव्हा अक्का त्यांचीच वाट पाहत होत्या.

"आता एकच सांगा. ऊन हे कारण आहे, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? उन्हाळ्यातच होतंय. म्हणून तर सावलीत लावतो, वरून ओलं पोतं टाकतो."

"धाकटी म्हणाली, मागच्या मंगळवारी तिला शिवणवर्गाला सोडलंत. गाडी दोन तास भर उन्हात उभी होती. सुरू झाली?"

इन्स्पेक्टर आठवू लागले आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरला.

"पहिल्या चावीला," ते म्हणाले.

४

शनिवार, रविवार आणि सोमवार हे तीन दिवस इन्स्पेक्टर पुढे आयुष्यभर विसरणार नव्हते.

रोज दुपारी दोन वाजता, शहाणी माणसं पडदे ओढून आडवी होत तेव्हा, ते गाडी काढत. शेजारी अक्का, मांडीवर तक्ता, हातात घड्याळ. मागे बायको, हातात पाण्याची बाटली आणि चेहऱ्यावर अशी मुद्रा की आपल्या माहेरची माणसं हुशार आहेत हे आपण कधीपासून सांगत होतो. पाऊण तास गाडी पळवायची, मग थांबवायची, मग अक्कांनी सांगितलेल्या मिनिटाला चावी फिरवायची. मध्ये हात लावायचा नाही, बॉनेट उघडायचं नाही, बोलायचं नाही.

"बोलायचं का नाही?"

"टक् ऐकू यायला हवा."

तीन मिनिटांनी चावी फिरवली, गाडी सुरू. दहा मिनिटांनी फिरवली, जरा कण्हून सुरू. वीस मिनिटांनी फिरवली.

टक्.

इन्स्पेक्टरांनी तो आयुष्यात प्रथमच ऐकला. इतका छोटा आवाज. एवढ्याशा आवाजाने आपल्याला तीन आठवडे नाचवलं, याचाच त्यांना जास्त राग आला.

तीस मिनिटांनी टक्. चाळीस मिनिटांनी सुरू. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी, ढगाळ असूनही, तेच. तक्त्यावर एक टेकडी तयार झाली होती. अक्कांनी तिच्यावरून बोट फिरवलं.

"हा उन्हाचा ताप नाही. उन्हात नुसती उभी असली तर हिला काही होत नाही. हा हिचा स्वतःचा ताप आहे. धावताना वारा लागतो तोवर बरं असतं. थांबली की वारा बंद, आणि आतली धग कुठेतरी चढत जाते. तिसऱ्या मिनिटाला पोचलेली नसते, विसाव्याला पोचते, चाळिसाव्याला उतरते. उन्हाळा नुसता भर घालतो. पुलापाशी तुम्ही बरोबर वीस मिनिटं थांबता. बँकेत किती वेळ होतात?"

"पंचवीस मिनिटं. एकच खिडकी चालू होती."

"आणि मिस्त्रीकडे नेईपर्यंत?"

"तास तरी जातो," इन्स्पेक्टर म्हणाले. मिस्त्रीवर इतके दिवस केलेले आरोप त्यांना एका रांगेत उभे राहून आपल्याकडे बघताना दिसले.

मंगळवारी दुपारी त्यांनी गरम गाडी मिस्त्रीच्याच दारात थांबवली. मिस्त्री जेवायला बसणार होता. अक्कांनी त्याला वीस मिनिटं हात धुऊन नुसतं उभं केलं. मग चावी फिरली. टक्.

मिस्त्रीचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांनी त्याला प्रेत बघायला मिळालं होतं.

"स्टार्टर," तो म्हणाला. "इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर. ती तापून जाम होतेय."

तो गाडीखाली सरकला. अक्कांनी रबरी पिशवीत बर्फ भरून त्याच्या हातात दिली. "लाव कपाळाला."

आठ मिनिटांनी गाडी सुरू झाली. इन्स्पेक्टरांना, का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं. पण मिस्त्री खालून बाहेर आला तो मान हलवतच.

"स्टार्टर बदलावा लागेल, साहेब. या मॉडेलचा आता बनत नाही. मागवला तर तीन आठवडे."

"गुरुवार परवा आहे."

"बर्फाची पिशवी लावा की पुलापाशी."

"मी? गाडीखाली शिरून? अडुसष्टाव्या वर्षी, शिट्टीवाल्यासमोर?"

अक्का गाडीकडे बघत होत्या, आणि त्यांना गुन्हा उलगडल्याचा आनंद झालेला दिसत नव्हता.

"नवा आणूनही तोसुद्धा तापेल," त्या हळूच म्हणाल्या. "हा रोग नाही. हे लक्षण आहे. भाऊजी, ही गाडी तुमच्याकडे पंधरा उन्हाळे आहे. चौदा उन्हाळे हिला ताप नव्हता. मागच्या उन्हाळ्यानंतर या गाडीचं काय काढलंत तुम्ही?"

"मी काहीच काढलं नाही," इन्स्पेक्टर म्हणाले.

तीस वर्षं त्यांनी हे वाक्य दुकानदारांकडून ऐकलं होतं. नेमक्या याच सुरात.

५

"थंडीत फक्त सायलेन्सरचा पुढचा पाइप बदलला," मिस्त्री म्हणाला. "नवा पाइप टाकला, दुसरं काही नाही."

"काढलेलं सगळं परत बसवलंस?"

"देवाशपथ. जे गाडीचं होतं ते सगळं."

अक्कांनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, पण पुढे काही विचारलं नाही.

बुधवारी सकाळी घरात सुतकी वातावरण होतं. इन्स्पेक्टर फोनसमोर बसले होते. टॅक्सी सांगायची, म्हणजे डाव सोडायचा. न सांगायची, म्हणजे परत पाचला दहा कमी असताना पोचायचं, आणि शुक्रवारी दादा दोन दिवसांच्या अंतरावर. ब्याऐंशी अधिक दोन दिवसांचा प्रवास, ही बेरीज त्यांना करायची नव्हती. जिंकण्याचं एक बाजूला राहू दे. पण 'बारक्या आला नाही' या शेवटच्या वाक्यावर दादांनी जावं, हे त्यांना पटत नव्हतं.

"निदान चांगला शर्ट घालून हरा," बायको म्हणाली आणि तिने इस्त्री गरम केली. एक बाही झाली. तिने इस्त्री पत्र्यावर टेकवली.

"धाकटे, हा पत्रा कुठला?" अक्कांनी विचारलं.

"आमचाच."

"इस्त्री ठेवून ठेवून करपला?"

"नाही गं. आला तोच एका बाजूनं करपलेला. म्हणून तर करपट बाजू वर ठेवते. आणखी किती करपणार?"

अक्कांनी चिमट्यांच्या टोपलीतून एक चिमटा घेतला, इस्त्री बाजूला केली आणि चिमट्याने पत्रा उचलला. वीतभर रुंद, जरा वाकवलेला, दोन कोपऱ्यांना हाताने पाडलेली वेडीवाकडी भोकं. वरची बाजू तपकिरी-काळी. त्यांनी तो उलटा केला.

खालची बाजू निळी होती, जुन्या रंगाची, पोपडे धरलेली, पण निळी.

"पत्रा नुसता आगीत पडला असता तर दोन्हीकडून जळला असता," अक्का म्हणाल्या. "हा वर्षानुवर्षं उभा होता. एका बाजूला धग, आणि दुसऱ्या बाजूला काहीतरी जपण्यासारखं. अगदी आज इस्त्री आणि टेबल यांच्यामध्ये आहे तसा. आला कुठून?"

"गाडीच्या डिकीतून," बायको म्हणाली. "थंडीत. यांनीच काढून आणला."

दोघी बहिणी इन्स्पेक्टरांकडे वळल्या.

"तो खडखडत होता," इन्स्पेक्टर म्हणाले. तराजूचा काटा स्थिर होण्याची वाट बघण्यात उमर गेलेल्या माणसाला हलणारी कुठलीही वस्तू सहन होत नाही. पाइप बदलून आणल्यावर डिकीत काहीतरी वाजत होतं. त्यांनी ते काढलं आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं. त्यानंतर डिकी शांत झाली होती. त्या शांततेचा त्यांना अभिमानसुद्धा वाटला होता.

मिस्त्रीला फोन लागला.

"हो हो, तो पत्रा," मिस्त्री पलीकडून म्हणाला. "पाइप आणि स्टार्टरच्या मध्ये तारेनं बांधलेला होता. पण साहेब, तो गाडीचा नाही. कंपनी असा पत्रा देतच नाही. कुणीतरी डब्याचा तुकडा कापून लावलाय म्हटलं. तरी फेकला नाही हं, डिकीत ठेवला. कोणाची वस्तू आपण का फेकायची?"

एकाने आपली नाही म्हणून लावली नाही, दुसऱ्याने वाजते म्हणून काढली, तिसरीने उपयोगी म्हणून ठेवून घेतली. तिघेही आपापल्या जागी अत्यंत सज्जन. सगळा वेळ घरात एक पत्रा शर्टांचं रक्षण करत होता, आणि त्याची मूळ नोकरी पुलापाशी रिकामी पडली होती.

"पण मग हा लावला कोणी?" बायको म्हणाली.

इन्स्पेक्टरांनी पत्रा हातात घेतला होता. आजवर त्यांनी त्याची दुसरी बाजू पाहिलीच नव्हती. निळ्या रंगावर, पोपड्यांच्या मधून, पांढऱ्या ऑइलपेंटचा एक आकडा दिसत होता : '९'. त्याच्या पुढे 'ते', आणि मग कातरीने कापलेली कड.

त्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. मग शर्टाची राहिलेली बाही तशीच अंगात घालत म्हणाले, "मिस्त्रीला सांगा मी येतोय. आणि जाड तार घेऊन ठेव म्हणावं."

६

गुरुवारी रांगेत ते नवव्या नंबरला होते. इन्स्पेक्टरांनी पाटी वाचली, इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवले. मागे अक्का घड्याळ बघत होत्या. शिट्टीवाल्याने त्यांना ओळखलं आणि, माणूस समजूतदार, ढकलायला लागणारे चौघे आधीच बोलावून ठेवले.

वीस मिनिटं झाली. रांग हलली. पुढची गाडी गेली.

"बोलू नका," बायको कुजबुजली. हे ती तेवीस वेळा म्हणाली होती.

इन्स्पेक्टरांनी चावी फिरवली.

चौघेही जण निराश होऊन परत सावलीला गेले.

तीन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी इन्स्पेक्टर दादांच्या खोलीत शिरले. बहिणी खाली बागेत थांबल्या. अक्का म्हणाल्या होत्या की भावाभावांच्या खोलीत बायका गेल्या की दोघंही खोटं बोलतात.

दादा खिडकीशी उभे होते. म्हणजे त्यांनी गाडी येताना पाहिली होती.

"आलास."

"आलो. गाडीनं."

"माझी गाडी आहे. येणारच." दादांनी कपाटावरून पट काढला. सोंगट्या जागच्या जागी होत्या. एका घोड्याखाली कागदाची घडी घातलेली, हलू नये म्हणून.

इन्स्पेक्टर बसले नाहीत. ते पलंगावरच्या अर्ध्या निळ्या पाटीसमोर उभे राहिले. पाटीची खालची कड कातरीने कापलेली होती. इतकी वर्षं ती त्यांच्या डोळ्यांसमोर होती. वादळ कातरी वापरत नाही, हे एका इन्स्पेक्टरच्या लक्षात यायला हरकत नव्हती.

"दादा, वेळा कुठे गेल्या?"

"वादळात."

"नऊ ते बारा. स्टार्टर आणि पाइपच्या मध्ये. तारेनं बांधून."

दादांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"पहिल्याच उन्हाळ्यात चार वेळा बंद पडली," ते शेवटी म्हणाले. "एकदा तर तुझ्या वहिनीला माहेरी सोडायला गेलो तेव्हा, सासऱ्यांसमोर. मग एका रविवारी खाली शिरलो आणि पत्रा बांधला. घरात पत्रा तेवढाच होता."

"आणि अकरा वर्षं एकदा दगा दिला नाही म्हणून सांगत होतात."

"त्यानंतर नाहीच दिला. दहा वर्षं झाली. एक वर्ष इकडे-तिकडे."

"मला विकताना सांगायचं नाही? एवढे पैसे मोजून घेतलेत."

"सांगितलं असतं तर तू वजन करून किंमत कमी केली असतीस. बस आता. तुझी खेळी आहे."

इन्स्पेक्टर बसले. त्यांच्या डोक्यात तीन आठवड्यांचा संताप होता : बॅटरी, पंप, चिमटे, ओलं पोतं, रस्त्याच्या कडेला घामाघूम होऊन काढलेल्या चाळीस-चाळीस मिनिटांच्या तीन दुपारी. तो सगळा त्यांनी एका हत्तीच्या मागे लावला आणि हत्ती सरळ पुढे नेला. मग दुसरा.

दादा विचार करू लागले. एकदा त्यांचा हात घोड्याकडे गेला आणि मागे आला. एकदा त्यांनी विचारलं, "चहा आला का रे?" चहा समोरच होता. बाहेर बागेत अक्का कोणातरी आजोबांची नाडी बघत होत्या. आजोबांनी बहुधा मागितलेलीही नव्हती.

चार वाजून वीस मिनिटांनी दादांनी आपला राजा उचलला, जरा वेळ हातात धरला, आणि पटावर आडवा ठेवला.

चाळीस वर्षांत इन्स्पेक्टरांनी दादांना हार मानताना कधी पाहिलं नव्हतं. आपल्याला आनंद होईल असं त्यांना वाटलं होतं. तो कुठे अडकला होता, कळेना.

"दादा," ते म्हणाले, "तुमच्याकडे अजून एक खेळी होती."

"नव्हती."

"मला दिसत होती."

"दिसत होती तर गप्प बसायचं. पंधरा वर्षं मी नाही बसलो?" दादांनी आडव्या राजाकडे बोट दाखवलं. "आणि तो मेलेला नाही. दमलाय. उन्हाळ्यात असं होतं. हात लावू नकोस, झाकण उघडू नकोस, नुसता बस. चाळीस मिनिटांनी उठेल."

इन्स्पेक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. भेटीची वेळ पाचला संपायची. बरोबर चाळीस मिनिटं होती.

त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि हात मांडीवर ठेवून, पुलाजवळच्या पाटीवर लिहिलं असावं तसे, बसून राहिले.